झेब्राफिशची किडनी आणि माणसाच्या रक्तातली गुठळी: यांचा संबंध काय?

वाटाड्या३४ यांचा प्रश्न:

धाकट्या भावाला चार महिन्यांपूर्वी मेंब्रेनस नेफ्रोपथी (किडनीच्या चाळणीचा आजार) निघाली. आधी नुसती पायाला सूज. मोजे काढले की घोट्यावरचा वळ तासभर तसाच. लघवीला फेस येतो हे तो सहज बोलून गेला, तर आम्ही 'पाणी कमी पितोस' म्हणून त्यालाच झापलं. तपासण्या केल्या तेव्हा २४ तासांच्या लघवीत ९ ग्रॅम प्रथिनं आणि रक्तातलं अल्ब्युमिन १.९. किडनीचा आजार म्हणून आम्ही सगळे क्रिॲटिनिनवर डोळा ठेवून बसलो होतो, ते ठीकठाक होतं. आणि तिसऱ्या आठवड्यात डाव्या कुशीत अशी कळ आली की त्याला सरळ बसवेना, लघवी लालसर. डाव्या किडनीतून बाहेर पडणाऱ्या शिरेत गुठळी.

आता रक्त पातळ करण्याचं औषध चालू आहे, मूळ आजारावरचे उपचारही. त्याबद्दल सल्ला मागत नाहीये, त्याचे डॉक्टर चांगले आहेत. माझा प्रश्न वेगळाच आहे. डॉक्टर म्हणाले की किडनीची चाळणी बिघडली की रक्त गोठू न देणारी प्रथिनंही लघवीवाटे जातात. त्यावर रात्री शोधत बसलो, तर किडनीचा आजार आणि गुठळीचा धोका या दोन्हींचा अभ्यास झेब्राफिशवर करतात असं वाचनात आलं. झेब्राफिश म्हणजे तोच ना, काचेच्या टाकीतला निळ्या पट्ट्यांचा, बोटाएवढासुद्धा नसलेला? त्याला किडनी असते हेच मला माहीत नव्हतं. उंदीर एक वेळ समजू शकतो. जन्मभर पाण्यात आडवा पोहणाऱ्या जिवाला गुठळी होतेच कशी? आणि उद्या 'माशांवर औषध गुणकारी' अशी बातमी आली तर आमच्यासारख्यांनी किती हुरळून जायचं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. बारावीपर्यंत जीवशास्त्र होतं, तेवढं गृहीत धरा.

निशाचर_रेसि:

दादा, आधी भावाला लवकर बरं वाटो. माशांतलं मला ओ की ठो कळत नाही, ते सांगणारं कुणीतरी येईलच. मी नेफ्रॉलॉजी शिकतोय, वॉर्डातून दिसतं तेवढं लिहितो.

क्रिॲटिनिन चांगलं आणि तरी गुठळी, यात काही विपरीत नाही. क्रिॲटिनिन सांगतं किडनी किती गाळते. किती गळते ते नाही सांगत. भावाचं गळण्याचं दुखणं आहे. अँटिथ्रॉम्बिन नावाचं जे प्रथिन गोठण्याला आवर घालतं, त्याचं वजन साधारण ५८ किलोडाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक). अल्ब्युमिनचं ६६ च्या आसपास. जिथून अल्ब्युमिन निसटतं तिथून हेही निसटतं. उलट ज्याच्या धाग्यांनी गुठळी विणली जाते ते फायब्रिनोजेन म्हणजे ३४० किलोडाल्टनचं धूड, ते रक्तातच राहतं. वर यकृत अल्ब्युमिनची तूट भरून काढायला जोमाने प्रथिनं बनवू लागतं, त्यात फायब्रिनोजेनही वाढतं. म्हणजे आवरणारा वाहून गेला आणि माल मात्र दुप्पट जमा, अशी गत.

शिवाय ग्लोमेरुलसमध्ये पाणी गाळून निघालं की पुढे सरकणारं रक्त दाटलेलं असतं, आणि तेच किडनीच्या शिरेत येतं. म्हणून या आजारात ती शीर बदनाम आहे. नेफ्रोटिक आजारांमध्ये (लघवीतून भरपूर प्रथिनं जातात ते) मेंब्रेनसला हा धोका सर्वांत जास्त. अल्ब्युमिन २.८ च्या खाली उतरलं की धोका चढू लागतो असं या रुग्णांत दिसलंय. १.९ म्हणजे बरंच खाली.

एक गंमत (वॉर्डात ती गंमत वाटत नाही): रक्त पातळ करायला देतात ते हेपरिन स्वतः ते काम करत नाही. ते अँटिथ्रॉम्बिनला पकडून त्याचा वेग हजारपटीच्या घरात नेतं. ज्याचं अँटिथ्रॉम्बिनच लघवीतून गेलंय त्याला नेहमीचा डोस कधीकधी पुरत नाही.

काचेपलीकडे:

धागा वर आला म्हणून बरं झालं, नाहीतर नजरेतून सुटला असता. मी सहा वर्षं झेब्राफिशवर काम करते, त्यातली चार किडनीवर. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मोठा मासा विसरा. आम्ही काम करतो ते तीनचार दिवसांच्या पिल्लावर. लांबी साडेतीन-चार मिलिमीटर, आणि आरपार दिसतं. सकाळी दिवे लागले की मासे अंडी घालतात. एका जोडीची १००-२०० सहज मिळतात. ती २८.५ अंशांवर ठेवली की ४८ तासांच्या सुमाराला पिल्लाची किडनी गाळायला लागते. तुमच्या भावाच्या एकेका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन असतील. पिल्लाला सगळे मिळून दोन. दोघांचा ग्लोमेरुलस मिळून एकच, अगदी मधोमध, महाधमनीच्या खाली चिकटलेला. पण त्या एका गुंडाळीत बोटांत बोटं अडकवून बसलेल्या पोडोसाइट पेशी आहेत, त्या बोटांमधल्या फटीत नेफ्रिन आहे, पोडोसिन आहे. माणसात या दोन प्रथिनांची जनुकं बिघडली तर लहान मुलांना स्टिरॉइडला दाद न देणारा नेफ्रोटिक सिंड्रोम होतो. माशात बिघडवली तर चाळणी गळते. २०१३ साली या माशाचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७०% जनुकांना त्याच्यात जोडीदार सापडला. तेव्हा 'माशाचं कुठे' हा प्रश्न बरोबर आहे, पण चाळणीपुरतं उत्तर 'बरंच जवळचं' असं आहे.

आता फरक. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सतत आत झिरपत असतं. होडीला बारीक भोक आहे आणि एक माणूस अखंड पाणी उपसतोय, तो माणूस म्हणजे माशाची किडनी. नायट्रोजनचा कचरा मुख्यत्वे कल्ल्यांतून अमोनिया होऊन जातो, त्याच्याशी किडनीला फारसं देणंघेणं नाही. म्हणून माशाचं 'क्रिॲटिनिन किती' हा प्रश्न आम्ही विचारत नाही. उपसणारा थांबला की पिल्लू फुगतं, आधी हृदयाभोवती, मग पोटाच्या पिवळ्या बलकाभोवती. फोटोत ते तुमच्या भावाच्या सुजेसारखं दिसतं, पण कारण वेगळं. भावाच्या अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवलं गेलंय, पिल्लाच्या अंगात बाहेरचं पाणी शिरलंय.

मग चाळणी गळते हे ओळखायचं कसं? इतक्या इवल्या जिवाची लघवी गोळा करता येत नाही. तेव्हा आम्ही किडनी बघायला डोळ्यात बघतो. ७० किलोडाल्टनचं चमकणारं डेक्स्ट्रान (साखरेच्या साखळीचा रेणू) रक्तात टोचायचं. अल्ब्युमिनच्या जवळपासचं वजन, धड चाळणीतून ते जात नाही. बाहुलीमागच्या रक्तवाहिन्यांत त्याची चमक दिसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पिल्लाच्या डोळ्याचा फोटो. चमक टिकली तर चाळणी शाबूत, विझत चालली तर माल लघवीतून गेला. पहिल्यांदा एका रांगेतली आठ पिल्लं उजळ आणि दुसऱ्या रांगेतली आठ काळोखी दिसली तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाताला धरून ओढत आणलं होतं.

चाळणी मुद्दाम बिघडवायचीही सोय आहे. फक्त पोडोसाइटमध्ये चालणारं बटण लावून एक जिवाणूचं एन्झाइम घालायचं, नायट्रोरिडक्टेज. मग पिल्लाच्या पाण्यात मेट्रोनिडाझोल टाकायचं (हो, जुलाबावर देतात तीच गोळी). एन्झाइम ज्या पेशीत आहे तिथेच त्याचं विष होतं, बाकी शरीर जवळपास जागच्या जागी. म्हणजे कोणत्या दिवशी गळती सुरू करायची हे आपल्या हातात येतं.

गुठळीकडे येते. 'आडवा पोहतो तर गुठळी कशी' हा प्रश्न मला आवडला, पण जखम झाली की रक्त गोठवावंच लागतं, उभं राहा नाहीतर आडवं. जगदीश्वरन यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या शेवटीच दाखवलं की माशात थ्रॉम्बिन, फायब्रिनोजेन, व्हिटॅमिन के वर चालणारे घटक सगळं आहे आणि रक्त पातळ करणारं वॉरफेरिनही लागू पडतं. आम्ही तीन दिवसांच्या पिल्लाला भूल देऊन अगारोजच्या मऊ जेलीमध्ये आडवं झोपवतो. गुदद्वाराच्या जरा मागे शेपटीची मोठी शीर शोधतो आणि तिच्या भिंतीवर लेझरचा नेम धरतो. लाल पेशी एकामागून एक घरंगळत जात असतात, एकेक मोजावी इतक्या स्पष्ट. लेझर बसल्यावर एखादी अडखळते, मागची तिच्यावर आदळते, प्रवाह मागेपुढे हिंदकळतो आणि थांबतो. स्टॉपवॉच दाबायचं. २ मिनिटांत थांबला नाही तर 'गुठळी झाली नाही' असं लिहायचं. उंदराच्या पायाच्या शिरेत हे असं, कातडी न उघडता, सकाळभरात चाळीस वेळा बघता येत नाही.

आता रेसिडेंट साहेबांच्या अँटिथ्रॉम्बिनकडे. यासाठीच मी एवढं टाइप करतेय. उंदरातून ते जनुक पूर्ण काढलं तर पिल्लं आईच्या पोटातच मरतात, पुढे बघायला काही उरत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने झेब्राफिशमधून ते काढलं, २०१४ साली 'ब्लड' या नियतकालिकात आलं. पिल्लं जगली. शिरांमध्ये आपोआप गुठळ्या झाल्या, तरीही ती वाढली, आणि तरुण वयात हृदयात प्रचंड गुठळी होऊन मेली. इथवर कुणीही अंदाज केला असता. पण त्याच पिल्लांच्या शिरेवर लेझर मारला तर काय होईल? मी पहिल्यांदा वाचताना मनाशी म्हटलं, क्षणात गोठेल. प्रत्यक्षात गोठतच नाही! थ्रॉम्बिनला अडवणारं कुणी नसल्यामुळे आधीच अंगभर बारीक गुठळ्यांत फायब्रिनोजेन संपून गेलेलं. माणसात डीआयसी म्हणतात तो प्रकार. स्टॉपवॉचवर विसंबलं असतं तर 'या माशाला गुठळीचा धोका नाही, उलट रक्तस्रावाचा आहे' असं लिहून मोकळे झालो असतो.

आणि माणसाचं अँटिथ्रॉम्बिनचं जनुक टोचल्यावर त्या पिल्लांचं गोठणं पुन्हा ताळ्यावर आलं. माणसाचा आवर माशाच्या थ्रॉम्बिनला चालला. हेपरिन जिथे चिकटतं तो भाग मोडून टोचला तरी चाललं. थ्रॉम्बिनला पकडणारा भाग मोडला तेव्हा नाही.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. माशाला प्लेटलेट नाहीत, त्याजागी केंद्रक असलेल्या अख्ख्या पेशी आहेत, थ्रॉम्बोसाइट. गोठण्याच्या साखळीतले ११ आणि १२ क्रमांकाचे घटक त्याच्याकडे नाहीत. आणि तुमच्या भावाच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी: मेंब्रेनस हा प्रतिपिंडांचा आजार. २००९ साली पीएलए२आर या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड सापडले, बहुतेक रुग्णांत तेच कारण. चार दिवसांच्या पिल्लाला स्वतःचे प्रतिपिंड बनवताच येत नाहीत, ती यंत्रणा उभी राहायला काही आठवडे जातात. म्हणजे भावाचा आजार कसा सुरू झाला ते हा मासा सांगणार नाही. चाळणी गळायला लागल्यावर पुढे काय होतं, तेवढंच तो दाखवतो.

तिरकस:

काचेपलीकडे ताई, लेख उत्तम. पण मूळ प्रश्नाचं शेवटचं टोक राहिलं, 'किती हुरळायचं'. मी औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र बघतो, त्यामुळे नाक मुरडणं हा माझा धंदाच.

पिल्लू फुगलं म्हणजे किडनी गेली असं छापून आलेलं मी बरंच वाचलंय. हृदय कमजोर असलं तरी फुगतं, कातडी गळकी असली तरी फुगतं. पुन्हा एक जमाना होता मॉर्फोलिनोचा. जनुक गप्प करणारा तुकडा टोचा, काहीतरी वाकडं होतंच, छापा. २०१५ साली खऱ्या म्युटंटशी (जनुकच मोडलेल्या माशांशी) ताडून पाहिलं तेव्हा मॉर्फोलिनोने दिसलेल्या दोषांपैकी ८०% च्या आसपास म्युटंटमध्ये दिसलेच नाहीत. आणि 'पाण्यात औषध टाकलं, सूज उतरली' यात औषध पिल्लाच्या अंगात किती गेलं हेही कितीदा मोजलेलं नसतं.

दादा, बातमीत 'सूज कमी झाली' एवढंच असेल तर पान उलटा.

काचेपलीकडे:

तिरकसराव, बहुतेक सगळं मान्य. एवढंच की म्युटंटही कधीकधी फसवतात. जनुक मोडलं की त्याची भावंडं जास्त राबून दोष झाकतात, हेही २०१५ सालीच दाखवलंय. म्हणून आता दोन्ही करून, वर माणसाचं जनुक टोचून दोष जातो का ते बघितल्याशिवाय शहाणी माणसं तोंड उघडत नाहीत.

सुजेचं म्हणाल तर माझीच फजिती सांगते. दुसऱ्या वर्षी एका जनुकावर काम करत होते. ६० पैकी ४०-४५ पिल्लं टम्म. मी खूश. चार महिने त्या पिल्लांचे फोटो, गटाच्या बैठकीत दोनदा सादरीकरण, शीर्षकात 'ग्लोमेरुलस' शब्द. मग एका नव्या मुलाला डोळ्याची चाचणी शिकवायची म्हणून सहज तीच पिल्लं घेतली. डोळे लख्ख. दुसऱ्या दिवशीही लख्ख. चाळणी गळतच नव्हती. तेव्हा कुठे मी पाच मिनिटं नुसतं हृदयाकडे बघत बसले. कप्पा आकुंचन पावत होता, पण रक्त पुढे न जाता अर्धं मागेच येत होतं. झडपेचा दोष! चार महिने मी हृदयरोगाचे फोटो काढत होते.

भुलीचंही तसंच. ट्रायकेन जरा जास्त झालं की हृदय मंदावतं, आणि मंद प्रवाहात गुठळीच्या वेळेला काही अर्थ उरत नाही. आता मी लेझरआधी प्रत्येक पिल्लाचे १५ सेकंदांचे ठोके मोजते. कंटाळवाणं आहे, पण मोजते.

वाटाड्या३४:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं, एकदा भावाला वाचून दाखवलं. त्याला अंगभर गुठळ्या असून लेझरने न गोठणारं पिल्लू फार आवडलं, डोळ्यातून किडनी बघण्याची कल्पना त्याहून जास्त.

त्याचाच प्रश्न पुढे पाठवतो. ताई, चाळणी फाडण्याची युक्ती तुमच्याकडे आहे, गुठळी मोजण्याचीही आहे. मग एकाच पिल्लाची चाळणी फाडून त्यालाच लेझर का मारत नाही? माझी केस तीच झाली ना, असं म्हणाला.

काचेपलीकडे:

भावाला सांगा, प्रयोगशाळेत जागा रिकामी आहे.

हाच प्रयोग आमच्या टेबलावर आहे. अडचण अशी. मेट्रोनिडाझोल दिलं की चाळणी गळू लागते, पण त्यापाठोपाठ पिल्लू फुगतं. फुगलं की हृदयावर दाब येतो, शेपटीतला प्रवाह मंदावतो. मग शीर लवकर बंद झाली तर ती आवर वाहून गेल्यामुळे की रक्त रेंगाळल्यामुळे? उशिरा झाली तर फायब्रिनोजेन आधीच खर्ची पडलंय म्हणून? स्टॉपवॉच नुसता आकडा दाखवतं, कारण सांगत नाही. म्हणून डोळा विझायला लागला आहे पण अंग अजून फुगलेलं नाही, एवढ्या मधल्या काही तासांत लेझर मारायचा असतो. प्रत्येक पिल्लाची ती वेळ थोडी पुढेमागे. शिवाय मेट्रोनिडाझोल उजेडात खराब होतं, त्यामुळे सगळं अंधाऱ्या खोलीत, डब्यांना फॉइल गुंडाळून. तुलनेसाठी पिल्लांचे आणखी दोन गट ठेवावे लागतात: एकाला एन्झाइम आहे पण औषध नाही, दुसऱ्याला औषध आहे पण एन्झाइम नाही. शंका उरली तर अँटिथ्रॉम्बिन परत टोचून बघायचं, वेळ मूळ जागी येते का.

मोठ्या माशात करा असं कुणीतरी म्हणेल, म्हणून आधीच सांगते. मोठ्या झेब्राफिशचं रक्त किडनीतच तयार होतं. आपल्या हाडातल्या मगजाचं काम त्याच्या किडनीत चालतं. तिथे किडनी दुखावली तर थ्रॉम्बोसाइटचा कारखानाच हलला असं होऊ शकतं, आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. वर मोठा मासा इजा झाल्यावर नवे नेफ्रॉन उगवतो, माणसाला ते जमत नाही. पिल्लाचं रक्त त्या दिवसांत शेपटीतल्या एका पट्ट्यात बनतं, किडनीपासून दूर. त्यामुळे तीनचार दिवसांचंच पिल्लू बरं.

गेल्या खेपेला २४ पिल्लांतली ९ वेळेआधीच फुगली, ती बाद. उरलेल्या १५ वर काही बोलण्यात अर्थ नाही. आज संध्याकाळी नवीन जोड्या लावल्यात, मध्ये आडोशाची पट्टी ठेवून. सकाळी दिवे लागले की पट्टी काढायची.